तिसऱ्या कपाचा निवाडा

विलोबँक, सस्कॅचवान, कॅनडा
मे महिना (दारासमोरचा बर्फाचा शेवटचा ढीग अजून शिल्लक)

आदरणीय मोठी मावशी,

तुला वाकून नमस्कार. तू बरी आहेस ना? घर बरं आहे ना, शेजारपाजार बरा आहे ना, अंगणातलं लिंबाचं झाड बरं आहे ना, आणि मुख्य म्हणजे तुझा डावा गुडघा बरा आहे ना? (गुडघ्याची चौकशी मी वरवर करत नाही. या पत्रात पुढे एका गुडघ्याला फार महत्त्व येणार आहे, तेव्हा तुझ्या गुडघ्याची कळ मनात जागी ठेवूनच पुढचं वाच.) आम्ही सगळे, म्हणजे आई आणि मी, देवाच्या दयेने ठीक आहोत. एडमंटनचे हाब्तोमकाका इरिट्रियाला, तुमच्या अस्माराला यायचे आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर आई शेजारी बसते, माझ्या एका वाक्याला दोन दुरुस्त्या सुचवते आणि दुसऱ्या दुरुस्तीपाशी तुमच्याकडची लाइन तुटते. मग तुझ्यापर्यंत नुसत्या दुरुस्त्याच पोचतात.

तुला आठवत असेल, हिवाळा सुरू व्हायच्या तोंडावर आईने तुला रडत फोन केला होता. या गावात चार वर्षं झाली, पण बोलायला माणूस नाही. एडमंटनला आपलं चर्च आहे, आपली माणसं आहेत, हाब्तोम ट्रक द्यायला तयार आहेत, तर जाऊ का, असं तिने विचारलं. तू तेव्हा म्हणालीस, वसंत संपेपर्यंत थांब. त्या गावातलं एक माणूस जरी तुझ्या घरी येऊन तिसऱ्या कपापर्यंत बसलं, तर तिथे तुझं घर आहे असं समज. नाही बसलं तर सामान बांध. मावशी, तू मोठी आहेस, तुझा शब्द मोठा, पण तू हे बहुधा कांदा चिरता चिरता सहज म्हणालीस. आईने मात्र तो कोर्टाचा हुकूम असल्यासारखा धरून ठेवला. त्या दिवसापासून घराच्या कोपऱ्यात रिकामी खोकी साठू लागली. आपल्या कॉफीचा पहिला कप ओळखीचा, दुसरा गप्पांचा आणि तिसरा आशीर्वादाचा, तो घेतल्याशिवाय उठणं म्हणजे घराला पाठ दाखवणं, हे तुला मी काय सांगायचं? सांगायचं होतं ते विलोबँकला, आणि ते कसं सांगावं हे मला सुचत नव्हतं.

आता यात माझं काय अडलं होतं, तेही सांगते. माझ्या कामाचं वर्णन आई तुझ्याकडे 'लोकांना लोकरीच्या टोप्या वाटते' असं करते, हे मला ठाऊक आहे. टोप्या मी वाटतेच, पण त्याशिवाय आमच्या नवागत साहाय्य केंद्रात मी नव्याने आलेल्या कुटुंबांना शाळा, डॉक्टर, बस, भाड्याचं घर असं सगळं लावून देते आणि रोज निदान एका रडवेल्या माणसाला सांगते की या गावाला थोडा वेळ द्या, ही माणसं चांगली आहेत. आणि संध्याकाळी घरी येते तर माझीच आई खोक्यांवर चिकटपट्टी लावत असते. आपल्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. (पदवीचं प्रमाणपत्र आईने कॉफीच्या फळीवर टांगलंय. रोजच्या धुपाने ते इतकं पिवळं पडलंय की माझं शिक्षण शंभर वर्षांपूर्वी झालं असावं असं पाहुण्याला वाटेल. पण पाहुणा येईल तेव्हा ना!) या पदवीचा उपयोग मला स्वतःच्या आईला या गावात रुजवायला झाला नाही, तर इतरांना कुठल्या तोंडाने सांगू?

विलोबँकची माणसं वाईट आहेत असं कोणी म्हणू नये. पहिला बर्फ पडला की आमच्या दारातला रस्ता आम्ही उठायच्या आत कोणीतरी मोकळा केलेला असतो. कोण, ते आजतागायत कळलेलं नाही. आई तापाने पडली तेव्हा पायरीवर झाकलेली चार गरम भांडी आली, चारही भांड्यांत बटाटा. पण भांडं ठेवणारा घंटी वाजवतो आणि पळतो. आई म्हणते, "चोर निदान घेऊन पळतो. हे देऊन पळतात. यांना म्हणायचं तरी काय?" हिवाळ्यात मी तीन-चार जणांना आग्रहाने घरी आणलं. आमचे साहेब कर्टिस यांनी एकच बूट काढला आणि पायपुसण्यावर उभ्याने पहिला कप घेतला. (दोन्ही बूट काढणं म्हणजे बसायला आलो असं कबूल करणं, एवढी जोखीम इथे सहसा कोणी घेत नाही.) पाद्रीबाबा दुसऱ्या कपापर्यंत आले होते. मी आणि आई श्वास रोखून होतो. तेवढ्यात त्यांचे दोन्ही हात वर गेले.

हे हात वर जाणं तुला समजावून सांगायला हवं. इथला माणूस 'निघतो' असं म्हणत नाही. बसल्या जागी तो आधी दोन्ही हात उचलतो, मग ते मांड्यांवर आपटतो आणि छताकडे बघत म्हणतो, "बरं तर..." त्या 'बरं तर'नंतर त्याला देवही थांबवू शकत नाही. नव्याने आलेली माणसं बिचारी यजमान असली तर अपमान झाला असं समजतात आणि पाहुणी असली तर यजमानाने तीनदा मांड्या आपटल्या तरी बसून राहतात. म्हणून केंद्रात मी यावर वर्ग घेते, खुर्चीवर बसून प्रात्यक्षिक करून दाखवते. आईलाही शिकवलं. तिला वाईट वाटू नये, एवढाच माझा हेतू होता. त्या विद्येचं ती पुढे काय करणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

मग एप्रिल आला. बर्फ वितळून रस्त्याच्या कडेची गटारं ओढ्यासारखी वाहू लागली, हंस परत आले, गाड्यांचा रंग चिखलामुळे एकच झाला आणि गावच्या हॉलवर वसंतातल्या चहाची पाटी लागली. हा चहा म्हणजे विलोबँकचा मोठाच सण. त्याला म्हणतात या-आणि-जा चहा. पाटीवर सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ असते, मधल्या वेळात कोणीही यावं, एक कप चहा प्यावा, लिंबाच्या दोन वड्या खाव्यात, हवापाण्याबद्दल बोलावं आणि जावं. जास्त वेळ बसलं तर शेजारी काळजीने विचारतो, "काय रे, घर गरम करायची भट्टी बंद पडली का?" लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना चांदीच्या दोन मोठ्या किटल्या असतात आणि प्रत्येक किटलीमागे एक बाई बसून चहा ओतते. अर्ध्या तासाने बाई बदलते. मावशी, हसू नकोस, पण हा चहा ओतायला मिळणं हा इथला मोठ्यातला मोठा मान. ओतणाऱ्या बायकांची नावं पेपरात येतात. त्या कोण हे ठरवतात हॉल समितीच्या व्हर्नाबाई ह्नाट्युक. सत्तरीच्या, ताठ, आणि गावात कोणाचं कोणाशी काय वाजलंय याचा पक्का हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या.

मी हॉलच्या स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्या कप पुसत होत्या. मी धीर करून म्हणाले, या वर्षी एका फेरीला माझ्या आईला बसवाल का?

त्यांनी कप खाली ठेवला. "पोरी, लॉर्ना नऊ वर्षं थांबलीय. नऊ. तिने केससुद्धा बांधून घेतलेत."

"माझी आई चार वर्षं थांबलीय," मी म्हणाले, "आणि कशासाठी थांबलीय हेही तिला माहीत नाही."

व्हर्नाबाईंनी तोच कप पुन्हा पुसला, मग आणखी एकदा पुसला. शेवटी म्हणाल्या, "हात थरथरत नाहीत ना तिचे? गेल्या वर्षी एकीने पाद्र्याच्या मांडीवर ओतला." मी म्हणाले, मुळीच नाही. "बरं. लॉर्नाच्या आधीची फेरी. पण फेरी संपली की उठायचं. नियम म्हणजे नियम."

मी घरी उडत गेले. (म्हणजे चिखलातून, पण मनाने उडत.) आईला सांगितलं की, आई, गावाने तुला मान दिलाय, तू चहा ओतणार.

आई मसूर निवडत होती. तिने मान वर केली. "म्हणजे आठवडाभर वृद्धाश्रमात यांच्या म्हाताऱ्यांच्या चादरी धुवायच्या, आणि शनिवारी यांना चहाही ओतायचा?"

"अगं, मान आहे तो!"

"मान असता तर मला बसवून पाजला असता. एवढं कॉलेज करून आईसाठी हेच मिळवून आणलंस? वाढपीण?"

मग मी तिला नवीन समाजात सामावून जाण्याविषयी बरंच काही सांगितलं. (माझ्या शेवटच्या वर्षाच्या निबंधाचा विषयच तो होता आणि त्यात मला चांगले गुण होते.) मी बोलत असताना आईने सगळे मसूर निवडून संपवले. मग विचारलं, "झालं? किटली माझ्या हातात असणार?" हो, म्हटलं. "दुसरं कोणी हात लावणार नाही?" नाही. "मग त्या टेबलापाशी घर माझं," असं म्हणून ती मसूर भिजत घालायला गेली. मला ते वाक्य फारच सुंदर वाटलं. माझ्या शिक्षणाची ही एक अडचण आहे, की कोणी साधं वाक्य बोललं तरी मला त्यात काव्य दिसतं. आई अक्षरशः बोलत होती.

शनिवारी आई काठाचा पांढरा पायघोळ झुरिया नेसून, डोक्यावरून पांढरी ओढणी घेऊन किटलीमागे बसली. इतकी शोभत होती की दारात बूट काढणारी माणसं एका पायावर थांबून बघत होती. सुरुवातीला तिने फक्त एकदाच माझ्या कानात विचारलं, "या सँडविचांच्या कडा कुठे गेल्या? सगळे आजारी आहेत का?" मग पहिला पाहुणा आला, धान्याच्या कोठाराचा ग्लेन. बसला, चहा प्यायला, दोन वड्या खाल्ल्या, आता पाऊस नको म्हणाला आणि त्याचे दोन्ही हात वर गेले. ते खाली यायच्या आत आईने त्यात भरलेला कप ठेवला.

मावशी, भरलेला कप धरून मांडीवर हात आपटता येत नाही. आणि हात आपटल्याशिवाय इथल्या माणसाला उठता येत नाही, ते त्याच्या अंगातच नाही. ग्लेन दुसरा कप प्यायला. हात वर गेले, तिसरा आला. तेवढ्यात त्याची बायको आली, तिचंही तेच झालं. आई एका हाताने ओतायची आणि डोळ्याने हात हेरायची. बोलायची फक्त, "बस, बस. अजून." विलोबँकच्या माणसाला बर्फाशी, टोळांशी, बँकेशी लढता येतं, पण आग्रहाशी लढायचं शिक्षण त्याला मिळालेलं नाही. माणसं येत राहिली आणि जाईना कोणीच. दारातल्या बुटांच्या रांगेचा ढीग झाला. खुर्च्या संपल्या, मग कप संपले, मग व्हर्नाबाईंनी मापाची भांडी काढली. आईची फेरी संपली तेव्हा लॉर्नाबाई, बांधलेल्या केसांसह, तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आईला वाटलं, बिचारीला बसायला मिळत नाहीये. तिने उठून कुठूनसं एक बाकडं ओढून आणलं, लॉर्नाबाईंना त्यावर बसवलं आणि त्यांच्याही हातात कप दिला. नऊ वर्षांनी लॉर्नाबाई किटलीच्या इतक्या जवळ आल्या होत्या, आणि चहा पीत होत्या.

व्हर्नाबाईंचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. मला वाटलं, कपांमुळे. तसं नव्हतं. या-आणि-जा चहाची खरी सोय काय आहे ते मला तेव्हा कळलं. ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांनी वेगवेगळ्या वेळी यावं आणि समोरासमोर न येता सणही साजरा करावा, यासाठी हा सगळा बेत आहे. कोण कधी येतं हे व्हर्नाबाईंना पाठ असतं. आणि सगळ्यात पाठ असते ती त्यांच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची, एल्सीबाईंची वेळ. दोघींच्या आईच्या लिंबाच्या वड्या एकीने जत्रेतल्या स्पर्धेला स्वतःच्या नावाने मांडल्या, तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. एल्सी दारात आली की व्हर्ना 'सँडविचं बघते' म्हणून आत जाते, असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या दिवशी आत जायची वाट नव्हती. एल्सीबाई आल्या, गर्दीने त्यांना पुढे ढकललं आणि त्या थेट व्हर्नाबाईंच्या समोर येऊन थांबल्या. दोघींचे हात एकदम वर गेले. (उभ्यानेच. सवय.) आईने दोघींच्याही हातांत कप ठेवले.

एल्सीबाईंनी एक वडी उचलली, चावली आणि म्हणाल्या, "साखर जास्त झालीय."

"आईच्या वडीत एवढीच असायची," व्हर्नाबाई म्हणाल्या.

"तू कधी मोजलीस? तू तर परातीशी उभीच राहायची नाहीस. नखं खराब होतील म्हणून!"

"आणि तू उभी राहायचीस ते भांडं चाटायला!"

मग जे भांडण जुंपलं ते जेवणाची वेळ टळून गेली तरी थांबलं नाही, आणि ते ऐकायला सगळं गाव, प्रत्येकाच्या हातात एकेक कप, जागचं हललं नाही. शेवटी किटलीच आटली तेव्हा माणसं भानावर आली, एकमेकांचे बूट घालून घरी गेली. मी आवराआवरीला थांबले. व्हर्नाबाईंनी माझ्याकडे न बघता एवढंच म्हटलं, "असं कधी झालं नव्हतं." मावशी, चार वर्षांत आईला गावात नेलं ते एकदाच, आणि गावाचा सण मोडून आणला.

घरी येताना तरीही मी आईला म्हणाले, बघ, अख्ख्या गावाने तुझ्या हातचा तिसरा कप घेतला, आता तरी अट पुरी झाली की नाही? आई म्हणाली, "तो त्यांचा हॉल. ताई म्हणाली होती 'तुझ्या घरी'. आणि त्यांचा तो चहा, त्याला काय आशीर्वाद लागणार?" घरी आल्यावर तिने आणखी एक खोकं उघडलं.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर टेबलावर आईची ओढणी गुंडाळून ठेवलेली, आणि ओढणीत हॉलची चांदीची किटली! मी ओरडलेच. आई म्हणाली, "अगंबाई, आली वाटतं ओढणीबरोबर. गडबडीत कळलं नाही." (किटली एखाद्या पोराच्या डोक्याएवढी आहे.) आता सण मोडल्याबरोबर आम्ही चोरही ठरणार होतो. नव्याने आलेली माणसं, चांदी, पेपरात नावं छापणारं गाव! मी किटली छातीशी धरून एका बाहीत कोट घालते न घालते तोच घंटी वाजली, आणि वाजवणारं माणूस पळून गेलं नाही.

दारात व्हर्नाबाई होत्या. त्यांनी किटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आत आल्या आणि दोन्ही बूट काढले.

"आई, दोन्ही काढले," मी कुजबुजले.

"मग बसव," आई म्हणाली. ती शेगडी पेटवायलाही लागली होती.

खोलीत एकही खुर्ची नव्हती. घाबरल्यामुळे त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. होती ती फक्त कॉफीची बुटकी स्टुलं, वीतभर उंचीची. व्हर्नाबाईंनी स्टुलाकडे, घोडा हलत्या पुलाकडे बघतो तसं पाहिलं. मग भिंतीला धरून, कोटाला धरून, माझ्या डोक्याला धरून त्या खाली खाली जात राहिल्या आणि एकदाच्या टेकल्या. आईने कॉफीचे दाणे भाजले, भाजल्याचा धूर ओंजळीने त्यांच्या तोंडावर ढकलला. त्या खोकल्या आणि बोलायला लागल्या.

"तुझ्या आईला सांग, फेरी संपली की किटली सोडायची असते. आणि सण झाला की ती घरी न्यायची नसते. लॉर्नाचा नवरा म्हणतो ती कालपासून केस सोडत नाहीये."

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"म्हणतात, वास फार छान आहे." (मावशी, मी खोटं बोलत नाही. दोन समाजांमधला पूल व्हायचं तर काही वजनदार माल आधी उतरवून ठेवावा लागतो.)

"मग कपाळाला एवढ्या आठ्या घालून का म्हणते?"

पहिला कप झाला. व्हर्नाबाईंचे हात वर गेले. आई शेगडीत कोळसा सारत होती, तिचं लक्ष नव्हतं. हात मांड्यांवर आपटले. "बरं तर..." म्हणून त्यांनी छताकडे पाहिलं. मी डोळे मिटले. संपलं.

डोळे उघडले तर त्या तिथेच! 'बरं तर' म्हटल्यावर माणूस बसून राहिलेला मी जन्मात पाहिला नव्हता. माझा वर्गातला सगळा अभ्यासक्रम तिथेच कोसळला. त्यांनी जरा पुढे झोका घेतला, जरा मागे घेतला आणि मग अगदी राणीसारख्या म्हणाल्या, "आणखी घोटभर घेईन म्हणते." दुसऱ्या कपाला त्यांनी लाह्यांची वाटी मांडीवर घेतली आणि आवाज खाली आणला. सकाळी सहालाच एल्सीचा फोन आला होता, काल साखरेबद्दल एक मुद्दा राहून गेला म्हणून. मग दोघी तासभर भांडल्या. "इतकं चांगलं भांडण मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं गं," असं म्हणून त्यांनी नाक पुसलं. मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. आई म्हणाली, "तिला म्हणावं, माझी बहीण इतकी लांब आहे की भांडायला लागलं की लाइन तुटते." हेही मी जसंच्या तसं सांगितलं. व्हर्नाबाईंनी लाह्यांची वाटी आईपुढे सरकवली. पुन्हा हात वर, पुन्हा मांड्या, पुन्हा "बरं तर...", पुन्हा तो झोका, आणि आईने तिसरा कप पुढे केला. तो शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन व्हर्नाबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी तुझ्या आईला शेवटची फेरी. म्हणजे ती उठली नाही तरी कोणाचं अडणार नाही.

मग आई कॉफीचं मातीचं भांडं, जेबेना, विसळायला आत गेली. व्हर्नाबाईंनी मला खुणेने जवळ बोलावलं. "पोरी, माझा कोट दे. आणि देण्याच्या निमित्ताने जरा काखेत हात घालून मला वर ओढ. नवा गुडघा आहे, पहिल्या कपापासून अडकलेय. आईला कळू देऊ नकोस."

मी त्यांना ओढून उभं केलं. किटली घेऊन त्या गेल्या. आई बाहेर आली, रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणाली, "तिसरा झाला." तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मावशी, कळू देऊ नकोस असं सांगितलेलं असूनही, आईशी प्रामाणिक राहिलंच पाहिजे असं मला कॉलेजपासून वाटत असल्यामुळे, मी त्याच क्षणी तिला गुडघ्याचं सांगून टाकलं. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. खोकी अजून कोपऱ्यातच आहेत.

असं आहे सगळं. तू तब्येतीला जप, गुडघ्याला गरम तेल लाव, शेजारच्यांना आमचे नमस्कार सांग. टोप्या हव्या असतील तर कळव, पुष्कळ आहेत.

तुझी आज्ञाधारक भाची,
लुवाम

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. आईचं म्हणणं असं की अट ताईने घातली, तर गुडघ्यामुळे प्यायलेला तिसरा कप धरायचा की नाही हेही ताईनेच सांगावं. तूच न्यायाधीश. तुझ्यावर दडपण आणणं मला बरोबर वाटत नाही. फक्त एवढंच लक्षात घे की व्हर्नाबाईंना उठता येत नव्हतं हे खरं, पण तिसरा कप त्या नको म्हणू शकल्या असत्या. तुझा गुडघा असता तर तू काय केलं असतंस?

आणखी एक ता. क. आत्ताच तळघरात खोकी आणायला गेले होते. पाणी तापवायच्या टाकीमागे, चादरीखाली, आपल्या चारही खुर्च्या सापडल्या. आईला विचारलं तर म्हणाली, फरशी पुसायची होती. चादरीवर वृद्धाश्रमाचा शिक्का आहे. गुडघा बदलल्यावर व्हर्नाबाई तीन आठवडे त्याच वृद्धाश्रमात होत्या, आणि त्यांच्या चादरी कोण धूत होतं हे तुला सांगायला नको. एवढी मोठी किटली 'ओढणीबरोबर' कशी आली, तेही आता मला विचारू नकोस. तेव्हा निवाड्याचा फार विचार करू नकोस. मोठ्या अक्षरात 'धरला' एवढंच लिहून हाब्तोमकाकांच्या हाती पाठव. तिला तो कागद तुझ्याकडून हवाय. मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. (या वेळी मी प्रामाणिक राहणार नाहीये.)

शेवटचा ता. क. एखाद्या वसंतात तुला इथे बोलवायचं आई म्हणतेय. मुक्काम किती दिवसांचा ते मात्र सांगत नाही. तू ये. पण आल्यावर ती जे बसायला देईल, ते आधी नीट बघ आणि मगच बस.